गुणाजी विरोधी बाजूने बोलतो

आमचा गुणाजी उभा राहून बोलत असला आणि समोरून कोणी "नाही" म्हटलं, की त्याला उचकी लागते. थट्टा नाही करत, खरंच लागते. बसलेला असताना काही होत नाही. बसलेला असताना मी त्याला दिवसभर नाहीच म्हणत असते. नाही, ओला टॉवेल गादीवर टाकायचा नाही. नाही, आज सुरमई नाही, बांगडे आण. त्यावर तो नुसती मान हलवतो. पण उभा राहून, छाती पुढे काढून चार शब्द बोलायला लागला आणि कोणी आडवं गेलं की हिक्! झालं सुरू.

नवऱ्याला एकेरी बोलते म्हणून नाक मुरडू नका. लग्नाआधी आम्ही एकाच चाळीत वाढलो. तेव्हापासून तो गुण्या आणि मी नली. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते, दार लावलं की अरे. आता तुमच्याशी दार लावूनच बोलतेय असं समजा.

भांडुपला टेंभीपाड्याजवळ आमची श्रमसाफल्य सोसायटी. पूर्वी इथे बैठ्या चाळी होत्या, आता लिफ्टवाली बिल्डिंग आहे. लिफ्ट चालू असते की नाही ते विचारू नका. अर्धी बिल्डिंग आम्हा कोकणातल्यांची, ज्यांचे वडील गिरणीत होते. अर्धी घाटावरून आलेल्या बौद्ध कुटुंबांची. भाद्रपदात आम्ही सगळे बॅगा भरून गावाला पळतो, म्हणून आमच्या सोसायटीचा गणपती माघात बसतो. एप्रिलात त्याच हॉलमध्ये जयंती. स्पीकर तोच, खुर्च्या त्याच, आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायच्या वेळी गायब होणारी माणसंही तीच.

माघी गणपतीला आरती झाली की गाऱ्हाणं असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो. त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ह्यात कोणी शंका काढत नाही, कोणी मध्ये तोंड घालत नाही. एकाने मागायचं, बाकीच्यांनी हो म्हणायचं. आमच्याकडे तो एक माणूस म्हणजे गुणाजी. त्याच्या आधी त्याचे वडील घालायचे, चाळीच्या अंगणात.

एरवी गुणाजी पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. सुपरवायझर म्हणजे काय, तर टाकीत स्वतःच उतरायचं, फक्त उतरताना खिशाला पेन लावायचं. तिथे मालक त्याला बोलू देत नाही. ज्या सोसायटीची टाकी, तिथला सेक्रेटरी बोलू देत नाही. घरी मी आहेच. एक रिकामी टाकी तेवढी त्याचं ऐकते. आत उभा राहून तो गाऱ्हाण्याचा सराव करतो आणि टाकी त्याचेच शब्द त्याला परत ऐकवते. त्यामुळे त्याची अशी पक्की समजूत झालीय की आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं.

वर्षभर ह्या माणसाचं कोणी ऐकून घेत नाही. माघात एक दिवस सगळी बिल्डिंग हात जोडून त्याला व्हय म्हणते, आणि तेवढ्यावर तो पुढचं वर्ष काढतो. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. पण बायको आहे मी, मला कळतं.

तर गेल्या माघात त्याने घोळ घातला.

आमचा सेक्रेटरी सुयोग. ऐरोलीला कंपनीत आहे, चांगला पगार, मुलगा सोन्यासारखा, फक्त लग्न जमत नव्हतं. त्या दिवशी मुलीकडचे त्याला बघायला येणार होते. सुयोगच्या आईने हौसेने त्यांना आरतीलाच बोलावलं. गुणाजीला कोणीतरी कानात सांगितलं, सुयोगसाठी पण दोन शब्द घाल. घातले की त्याने!

"बा म्हाराजा! ह्यो आमचो सुयोग. डोक्यावरचे केस गेले, पोट फुडे इला, चार जणींनी तेका नाय म्हटल्यानी. पण पोर मनान निर्मळ आसा. आता ही जी काय सोयरीक इली हा, ती तरी पळान जावची नाय असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी दणक्यात म्हटलं. मुलीच्या वडिलांनी सुद्धा म्हटलं, ते पडले कुडाळचे. मग त्यांनी सुयोगच्या डोक्याकडे एकदा नीट बघितलं, आणि प्रसाद हातात घेऊन जे गेले ते गेलेच.

त्यानंतर सुयोग वर्षभर गुणाजीशी धड बोलला नाही, आणि यंदा कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याने काढलंच. "ह्या वर्षी गाऱ्हाणं रेकॉर्डिंगवर लावू या. नेटवर एक झकास आहे. छोटं, सुटसुटीत. कोणाच्या खासगी गोष्टी नाहीत, आणि मोदक गरम राहतात."

मोदकांचं ऐकून बायका माना डोलवायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मी पण डोलवली. माघीला लोक तिळाचे मोदक करतात, पण आमच्या बिल्डिंगला उकडीचेच लागतात, आणि गाऱ्हाणं संपेपर्यंत त्यांचा पार दगड होतो. पण मग मी गुणाजीकडे बघितलं. तो काहीतरी सांगायला उभा राहिला होता. सुयोग म्हणाला, "नाही काका, आता नाही चालणार हे." आणि गुणाजी, हिक्! लोक हसले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू, मोदक गेले खड्ड्यात.

आरडाओरडा सुरू झाला. तेव्हा मागून सपना उठली. चौथ्या मजल्यावरची, वकिलीला आहे, कॉलेजच्या वादविवादात बक्षिसं घेऊन येते. ती म्हणाली, "भांडताय कशाला? वादविवाद घ्या. सव्वीस जानेवारीला हळदीकुंकू झालं की दोघांनी बोलायचं, आणि शेवटी आवाजी मतदान. ज्यांचा आवाज मोठा, त्यांचं खरं. अध्यक्ष मी होते. आमच्या घरात देवबिव कोणी मानत नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच नाही."

सगळ्यांना पटलं. सपनाने आणखी एक नियम सांगितला: कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठी टाकून ठरणार, खऱ्या स्पर्धेत तसंच असतं. त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. "आणि ज्याला बोलायचं कसं ते शिकायचं असेल, त्याने माझ्याकडे या," ती म्हणाली. सुयोग म्हणाला, "मी रोज ऑफिसात प्रेझेंटेशन देतो, मला कोण शिकवणार?" गुणाजी मात्र दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात उभा.

शिकवणी आमच्याच घरात सुरू झाली. सपना सोफ्यावर, गुणाजी टीव्हीसमोर उभा.

"काका, ठराव असा आहे की गाऱ्हाणं रेकॉर्डिंगने घालावं. तुम्ही विरोधात आहात. एक कारण सांगा."

गुणाजीने हात जोडले. "बा म्हाराजा..."

"काका, मी महाराजा नाही. मी समोरची पार्टी आहे."

"बा समोरच्या पार्टी! माणूस तो माणूस, आणि मशीन ता मशीन!"

"नाही, हे कारण झालं नाही. का, ते सांगा."

हिक्!

साखर खाल्ली, नाक दाबून पाणी प्यायला, मी मागून जाऊन भॉक् केलं. काही उपयोग नाही. सपना म्हणाली, "ह्याला औषध एकच. रोज नाही ऐकायचं. नलिनीकाकू, तुम्ही समोर बसा. काकांचं एक वाक्य झालं की म्हणायचं, नाही, मला पटलं नाही."

मी म्हटलं, एवढंच ना? अगं, माझा हातखंडा आहे तो. पदर खोचून बसले. गुणाजी बोलायला लागला. बोलता बोलता त्याचा आवाज गाऱ्हाण्यात चढतो तसा चढला, आणि वाक्याच्या शेवटाला जसा हळूच खाली येतो तसा खाली आला, आणि माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

कप्पाळ माझं! पुन्हा केलं, पुन्हा व्हय. दात आवळून बसले, तरी व्हय. एरवी ज्या तोंडातून त्या माणसासाठी नाहीशिवाय दुसरं निघत नाही, ते तोंड ऐन वेळी फितूर झालं. सपना सोफ्यावर लोळून हसत होती. मग ती स्वतः समोर बसली, आणि दोन-तीन दिवसांनी तिच्या तोंडून पण एकदा व्हय निसटलं. तिने जीभ चावली आणि म्हणाली, "घरी सांगू नका हां, काकू."

शेवटी गुणाजीने स्वतःच उपाय काढला. मुलुंडला एका मोठ्या सोसायटीची टाकी साफ करायला गेला होता. तिथल्या वॉचमनला वडापाव कबूल केला आणि सांगितलं, मी आत बोलतो, तू वरून झाकणातून ओरड, नहीं चलेगा. वॉचमन जीव लावून ओरडला. टाकीने ते दहापट करून दिलं. नहीं चलेगा! नहीं चलेगा! तिथला सेक्रेटरी धापा टाकत गच्चीवर आला, त्याला वाटलं कामगारांनी संप केला. गुणाजीला लेखी माफी द्यावी लागली. पण घरी आला तो एवढा खूश की विचारू नका. "नले, उचकी उतरली गो! निम्मी तरी उतरली."

बाकी पोरीने शिकवलं मनापासून. कारण द्यायचं, आपल्या बघण्यातलं उदाहरण द्यायचं, आणि समोरचा बोलतो तेव्हा पुढचं वाक्य जुळवत न बसता त्याचं ऐकायचं. ऐकलं तरच त्याच्या म्हणण्याला तिथल्या तिथे उत्तर देता येतं. ह्याला खंडन म्हणतात. हा शब्द गुणाजीला असा काही आवडला की घरात उच्छाद आला. "नले, तुझ्या मुद्द्याचा मी खंडन करतंय. पंख्यार धूळ नाय, ती सावली आसा." मी झाडू दाखवून त्याच्या खंडनाचं खंडन केलं.

एक दिवस सपना म्हणाली, "काका, चिठ्ठीत उलटी बाजू आली तर?"

"येवची नाय. देव बघता ना."

"देव परीक्षकांत नाही, काका. उलटी बाजू पण तयार करायची. आणि आली तर मनापासून बोलायचं. मुद्दाम वाईट बोलणं म्हणजे फसवणूक."

गुणाजी रुसून बसला. स्वतःच्या विरोधात काय बोलायचं, त्याला सुचेना. मग मुद्दे मी पुरवले. इतक्या वर्षांचे साठलेले होते, पटापट निघाले.

सव्वीस जानेवारीला हॉल खच्चून भरला. तिळगूळ, वाणाचे प्लॅस्टिकचे डबे, पोरांचा धिंगाणा. बिल्डिंगमधले सगळ्यात वडीलधारे राजारामकाका, त्यांनी चिठ्ठी उचलली आणि चष्मा वर-खाली करून वाचली. गुणाजी, ठरावाच्या बाजूने. सुयोग, विरोधात.

म्हणजे कळलं ना? रेकॉर्डिंग लावा असं गुणाजीने सांगायचं, आणि गुणाजीच पाहिजे असं सुयोगने. वाट लागली! दोघं एकमेकांकडे बघायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा एकमेकांशी धड बोलले ते तेव्हा. "बदलून घेऊ या का?" सुयोग म्हणाला. "घेव या," गुणाजी म्हणाला. सपना म्हणाली, "नियम म्हणजे नियम."

गुणाजीची बोबडी वळलेली बघून तिने आधी सुयोगला उभं केलं. सुयोग म्हणाला, "गाऱ्हाणं माणसानेच घालावं. कारण परंपरा. कारण संस्कृती. आता पुढच्या स्लाइडवर आपण बघू शकता..." आणि मागे वळून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर हळदीकुंकवाचा बॅनर. खाली बसला बिचारा.

मग गुणाजी. "अध्यक्ष महोदय, परीक्षक महोदय," इथपर्यंत झकास गेलं. परीक्षक कोणी नव्हतेच, पण असू दे. मागून कोणीतरी ओरडलं, "नाही ऐकू येत!" त्यातला तो नाही गुणाजीला लागला. हिक्! सगळं पाठ केलेलं गेलं उडत. तो तसाच उभा राहिला, घाम पुसला, आणि त्याला जे एकच येतं ते त्याने केलं. हात जोडले.

"बा म्हाराजा! ह्यो जो काय गाऱ्हाणा घालणारो माणूस आसा, तो एकदा बोलूक लागलो की थांबणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल.

"तेच्यापायी घराघरातले मोदक थंड पडतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

"तो नावां विसारता. एका वर्सा तेणी राजारामकाकांक कैलासवाशी केल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राजारामकाकांनी स्वतः हात वर करून म्हटलं.

"तेका सगळ्यांची पंचाईत. कोणाचो गुडघो दुखता, कोणाची बारावी आसा, कोणाचा लगीन रवला, तो ध्यानात ठेवता आणि चारचौघांत बोलता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी जरा कमी.

"ह्या स्पीकराचा तसा नाय. तेका तुमचो गुडघो म्हायत नाय, तुमची पोरां म्हायत नाय. तो चुकणा नाय, कारण तेका कोणाचा कायच पडलेला नाय म्हाराजा!"

"व्हय... म्हाराजा." सुयोगच्या आईने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आता गाडी वळतेय. आता हा म्हणेल, म्हणून माणूसच पाहिजे. पण सपनाने शिकवलं होतं ना, मिळालेली बाजू मनापासून मांडायची! आणि हा माणूस असला प्रामाणिक, की डोळे मिटून, आवाज चढवून म्हणाला,

"म्हणान ह्या वर्सापासून गाऱ्हाण्याचो मान ह्या स्पीकराक देवचो रे म्हाराजा!"

आवाज शेवटाला हळूच खाली आला. आणि अख्ख्या हॉलने छत उडेल असं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

सपनाने घाबरीघुबरी होऊन विचारलं, "विरोधात कोण? मोठ्याने बोला." कोणी बोलेना. सगळे हात जोडून उभे. गाऱ्हाण्यात नाय म्हणायची जिभेला सवयच नाही, माझ्याही नाही. ती थांबली, परत विचारलं, आणि मग एवढंसं तोंड करून म्हणाली, "ठराव मंजूर."

"अगो, ता मत नव्हता, ती सवय होती!" राजारामकाका ओरडले. पण मिनिट बुकात गेलं ते गेलं. गुणाजीला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलची पाण्याची बाटली. वाद जिंकला आणि गाऱ्हाणं हरला, असा माणूस तुम्ही कुठे बघितलाय का? मी बघितलाय, माझ्या घरात राहतो.

पुढचे दिवस त्याचं एकच पालुपद. "बरा झाला गो, नाय तरी घसो बसता माझो," एवढंच. टाकीत सराव बंद. मी मुद्दाम त्याच्यापुढे पंख्याची धूळ काढली, तरी खंडन नाही. मला त्याचं इतकं वाईट वाटत होतं आणि त्या सगळ्या व्हयवाल्यांचा इतका राग येत होता, की मी दोन वेळा घासलेली भांडी परत घासली. त्या व्हयवाल्यांत मी पण होते, हे तर अजूनच डोक्यात जात होतं.

माघी गणपती आला. आरती झाली. गुणाजी नेहमीच्या जागेवर पुढे उभा नव्हता, मागे चपलांच्या रॅकजवळ उभा होता. सपना पण आली होती, माझ्या हातच्या मोदकांसाठी. "काकू, आम्ही हात जोडत नाही, पण मोदक सोडत नाही," हे तिचं दर वर्षीचं. सुयोगने मोबाइल स्पीकरला जोडला.

"बा म्हाराजा!" स्पीकर म्हणाला. आवाज काय भारदस्त! "वरच्या वाडीच्या विहिरीक पाणी रवांदे रे म्हाराजा!"

आम्ही तोंड उघडणार, तेवढ्यात स्पीकरमधूनच आलं, "व्हय म्हाराजा!" त्यांची व्हय म्हणणारी माणसंही त्यांनी आत भरून आणली होती! आम्ही नुसते हात जोडून, तोंड उघडं टाकून उभे.

"थोरल्या घरच्या म्हशीक दूध सुटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" स्पीकरच.

सातव्या मजल्यावर राहतो आम्ही. कुठली विहीर, कुणाची म्हैस? इथे राजारामकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीचा दहावीचा पेपर, आणि आम्ही म्हशीला दूध मागतोय. मी मागे वळून बघितलं. चपलांच्या रॅकजवळ गुणाजी हात जोडून उभा होता आणि त्या म्हशीसाठी सुद्धा मनापासून ओठ हलवत होता, व्हय म्हाराजा. ते बघितलं आणि माझं डोकं सटकलं.

"हय जमलेल्या सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!" स्पीकर म्हणाला.

"नाय म्हाराजा!" मी.

आई शप्पथ, कसं निघालं मला माहीत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्पीकर पुढे गेला, "ह्यांच्या घरात धनधान्याक कमी पडांदे नको रे म्हाराजा!" आणि सुयोगची आई ओरडली, "नाय म्हाराजा!" मग काय, सगळी बिल्डिंग सुटली. पोरांना बाळांना आरोग्य दे, नाय म्हाराजा! वाकडं असेल ते सरळ कर, नाय म्हाराजा! लग्नकार्यं सुरळीत पार पाड, नाय म्हाराजा! पोरं तर नाचत म्हणत होती. स्पीकर बिचारा सगळ्यांचं भलं मागत राहिला आणि आम्ही त्याला एकेक करून उडवत राहिलो. शेवटी रेकॉर्डिंग संपलं.

"मेल्यांनो!" राजारामकाका काठी आपटत म्हणाले. "कळता काय तुमका? देवासमोर उभे रवान सगळ्याक नाय म्हटलास! माझ्या डोळ्याक नाय, पोरांच्या परीक्षेक नाय, धनधान्याक नाय!"

बाप रे! हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुयोगचा चेहरा पांढराफटक, लग्नकार्याला सगळ्यात जोरात नाय त्यानेच म्हटलं होतं. तो धावत चपलांच्या रॅककडे गेला. "काका, काहीतरी करा! परत मागून घ्या!"

गुणाजी म्हणाला, "ठराव मंजूर आसा. गाऱ्हाणा माणसान घालूचा नाय."

कसला हा प्रामाणिकपणा! मला त्याला तिथेच हाणावासा वाटला. तेवढ्यात सपना मोदकाची वाटी खाली ठेवून उभी राहिली. "ठरावात गाऱ्हाणं रेकॉर्डिंगने घालावं एवढंच आहे. ते घालून झालं. त्यावर सभेने आक्षेप घेतले. आता आक्षेपांना उत्तर देणं बाकी आहे, आणि ते रेकॉर्डिंगला येत नाही. काका, खंडन."

गुणाजी पुढे आला. इतकी नाय अंगावर घेऊन उभा होता, तरी उचकी नाही. मी वाट बघत होते, नाहीच लागली. त्याने हात जोडले.

"बा म्हाराजा! आताच जा काय तुझ्या कानार पडला, ता तुका नव्हता. ता ह्या डब्याक होता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अशी व्हय आमच्या बिल्डिंगने कधी म्हटली नसेल.

मग त्याने एकेक नाय उचलून परत फिरवली. एकही विसरला नाही, कारण त्याने सगळं ऐकलं होतं. धनधान्य, आरोग्य, सगळं रीतसर परत मागितलं. राजारामकाकांचा डोळा घातला, जिवंतपणी. दहावीचा पेपर घातला, त्यात भूमिती वेगळी. सपनाची वकिलीची परीक्षा घातली आणि म्हणाला, "ती तुका मानणा नाय, तरी तू तिका मान रे म्हाराजा!" सपना वाटीत तोंड घालून हसली. "आणि एक पोरगो आसा. तेचा एक काम आसा. कोणाचा आणि काय ता तुका म्हायत आसा, मी नाव घेणा नाय म्हाराजा!" सगळ्यांनी सुयोगकडे बघितलं. त्याने सगळ्यात मोठ्याने व्हय म्हटलं. त्या म्हशीला पण वगळलं नाही, तिलाही दूध मागितलं.

मोदकांचा केव्हाच दगड झाला होता. संपलं म्हणून मी पदर सारखा करत होते, तर हा परत सुरू.

"आणि म्हाराजा, ही माझी बायल. हिचो राग तुका म्हायत आसा, बिल्डिंगीक म्हायत आसा. सगळे म्हणतत, तो कमी होवांदे. मी तेचा खंडन करतंय. आज ह्या रागान माका माझी जागा परत मेळवन दिल्यान. तो असोच ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मेले असे ओरडले, जसं काही देवाकडे दुसरं काही मागायचंच नव्हतं.

चारचौघांत माझ्या रागाचा उद्धार! मी तोंड उघडलं ते नाय म्हणायलाच उघडलं होतं. पण त्याचा आवाज शेवटाला जसा हळूच खाली येतो तसा आला, आणि मी पण म्हटलं, व्हय म्हाराजा.